नाव कावून लिवलं?

पुण्याला निघाले त्या दिवशी आमच्या घराला कुलूप होतं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरीचा तळ उघडा पडला होता, कडबा संपला होता, म्हणून आई, आण्णा म्हणजे माझे वडील, दोन गाई आणि एक बैल असं आमचं सगळं बिऱ्हाड शिरूर कासारच्या बाजूला माळावरच्या चारा छावणीत हललं होतं. एका सहकारी संस्थेनं ती छावणी उघडली होती. जनावरांना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळायचं, टँकरचं पाणी मिळायचं, आणि माणसं जनावरांशेजारी बाज टाकून राहायची. बारावीचा निकाल मला तिथंच कळला. पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला हेही तिथंच कळलं. त्यामुळे "घर सोडताना कसं वाटलं?" असं कुणी विचारलं की मी गोंधळते. ज्या जागेतून मी निघाले ती जागा पुढं दोन महिन्यांनी उरलीच नाही.

निघाले ती वेळ सकाळी दूध घालायची. आमच्या गावात बायकांची दूध सोसायटी आहे. छावणीच्या दिवसांत सोसायटीनं संकलन तिथंच आणलं होतं. आई दूध तपासायची. समोर आलेल्या प्रत्येक भांड्यातलं दूध उंच मापात ओतायचं, त्यात लॅक्टोमीटर म्हणजे काचेची एक नळी सोडायची, ती किती तरंगते ते बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. पाणी घातलेलं असेल तर नळी जास्त बुडते. आकडा फारच खाली आला की आई भांडं परत करायची. त्यावरून तिचं दोन-तीन जणींशी बोलणं बंद होतं.

आण्णा माझी बॅग घेऊन रस्त्याला उभे होते. मी आईच्या पाया पडायला गेले तेव्हा रांगेत सात-आठ बायका होत्या. सगळ्यांत पुढं कडूबाई, आमच्या शेजारच्या. आई उठली नाही. एका हातात नळी तशीच धरून दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "नीट ऱ्हा. न्हाई समजलं तर इचार." कडूबाईंनी पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं, जणू मी लहान होते, आणि म्हणाल्या, "मने, लई शिक माय. आमच्या पोरांच्या वाट्याला ऊसतोडीचा कोयता आला, तुह्या वाट्याला हे आलं तर सोडू नको." मग नगरकडची गाडी आली आणि मी बसले.

हे मी कुणासाठी लिहिते आहे तेही मला धड सांगता येत नाही. गावात राहिलेल्यांना यातलं निम्मं माहीत आहे. माझ्यासारखे जे पुण्यात, हैदराबादेत किंवा त्याहून लांब गेले त्यांना दुसरं निम्मं माहीत असेल. दोन्ही निम्मी एकत्र करून काय होतं ते मला आजही नीट उमगलेलं नाही.

पहिल्या सत्रात आम्हाला एक विषय होता. त्याचं नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला नुसतं 'डिजिटल' म्हणायचो. फाइल कशी ठेवायची, ईमेल कसा लिहायचा, माहिती कशी शोधायची आणि पारखायची, चौघांनी मिळून काम कसं वाटून घ्यायचं, एकमेकांच्या कामावर मत कसं द्यायचं. वर्गातली मुलं या विषयाला हसायची. "हे काय शिकवतात? हे तर सातवीत येतं," असं म्हणायची. मी पण हसायचे. गणितात मी पहिल्या पाचांत होते, भौतिकशास्त्राला घाबरत नव्हते. आणि ज्या विषयाला सगळे हसत होते त्यात मला काहीच कळत नव्हतं.

आमच्या शाळेत चार कॉम्प्युटर होते, त्यांच्यावर कायम कापड घातलेलं असायचं. माझ्याकडे स्वतःचा फोनही बारावीनंतर आला. प्रयोगशाळेत मी अकरा नंबरच्या मशीनवर बसायचे, रोज तिथंच, कारण माझं लिहिलेलं अकरा नंबरमध्ये आहे असं मला वाटायचं. एकदा तिथं दुसरी मुलगी बसली होती, तर मी पाऊण तास बाहेर पायरीवर बसून राहिले. 'डिजिटल' शिकवणाऱ्या मॅडमना पहिला ईमेल पाठवायचा होता तेव्हा 'सब्जेक्ट' अशी एक चौकट आली. मी विचार केला, सब्जेक्ट म्हणजे विषय, आणि त्यात 'कॉम्प्युटर' असं लिहून टाकलं. मजकूर मी कागदावर लिहिला होता, त्याचा फोटोही काढला होता, तो जोडायचा राहिला. मॅडमचं उत्तर आलं, 'मनीषा, यात काहीच नाही.' ते वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घेऊन हिंडत होते.

विचारायचं कुणाला? आईनं सांगितलं होतं, न समजलं तर विचार. पण गणितातलं न समजलेलं विचारता येतं, कारण ते बाकीच्यांनाही समजलेलं नसतं. 'सेव्ह केलेलं जातं कुठं?' हे एकोणिसाव्या वर्षी पुण्यात कसं विचारायचं?

तिघांचा गट करायचा होता. माझ्या गटात आली ऋचा आणि अझहर. ऋचा पुण्याचीच. तिच्या बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजी असायचे, बोटं की-बोर्डवर चालायची तेव्हा ती खाली बघायचीसुद्धा नाही. मनानं चांगली होती, पण फार घाईची. अझहर आमच्याच जिल्ह्यातला, अंबाजोगाईचा. त्याच्या वडिलांचं टायरचं दुकान होतं आणि घरात आधीपासून कॉम्प्युटर होता. मी बीड जिल्ह्याची आहे हे कळल्यावर तो माझ्याशी आणखीच शुद्ध मराठीत बोलायला लागला. मला त्याचा राग यायचा. वर्गात माझ्या तोंडून एकदा 'न्हाई' निघून गेलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, आणि अझहरनं मान खाली घातली. तो का लाजला तेही मला कळलं नाही.

मॅडमनी प्रकल्प दिला. एकत्र काम करणारी एखादी खरी संस्था निवडायची, तिथली माणसं कामं कशी वाटून घेतात, अडचणी कशा सोडवतात ते विचारायचं, तिघांनी मिळून एकाच फाइलमध्ये लिहायचं आणि शेवटी वर्गापुढं मांडायचं. मॅडम म्हणाल्या, "गोड गोड लिहू नका. खऱ्या अडचणी लिहा. आणि संस्थेतल्या एखाद्या माणसाकडून माहिती तपासून घ्या."

ऋचानं विचारलं, "तुझी आई ती मिल्क सोसायटीत आहे ना? सुपर टॉपिक आहे." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरातली एखादी गोष्ट पुण्यात उपयोगाची ठरत होती. मी एकदम हो म्हणाले.

दिवाळी होऊन गेली होती. परतीचा पाऊस थोडा पडल्यानं छावणी उठली होती, घरं उघडली होती, पण चारा नव्हता. गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली होती. कडूबाईंचा मुलगा आणि सूनही गेले होते आणि जाताना दोन वर्षांचा लेक कडूबाईंकडे ठेवून गेले होते. कडूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्या तोडीला जात नसत. त्यांच्याकडे एक गाय होती आणि तो नातू.

मी आईला दुपारी फोन केला. हातात वही-पेन घेतलं होतं. आई खूश झाली. तिच्या कामाबद्दल तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सकाळी किती वाजता कॅन येतात, कोण मोजतं, कोण लिहितं, गाडी चुकली तर दुधाचं काय करतात, सगळं तिनं सांगितलं. मग मी विचारलं, "अडचणी काय येतात?"

ती म्हणाली, "अडचणी लई हायत. आता कडूचंच बघ. गाय आटत आली. हाय ते दूध नातवाला पाजती, आन् उरलं त्यात पाणी घालून माप भरती. सलग पंधरा दिस माप कमी पडलं की सोसायटी गाईला पेंड देती त्या यादीतून नाव जातं ना. पेंड बंद झाली की गाय गेलीच. मी नळी सोडली की लगेच कळतं मला."

"मग तू काय करतेस?"

"काय करू? आकडा चांगला लिवते. दोन हप्ते झाले."

एवढं बोलून ती दुसऱ्या विषयाकडे वळली. 'कुणाला सांगू नको' असं ती म्हणाली नाही. आईला लेकीशी बोलताना ते म्हणावं लागत नाही.

मी फाइलमध्ये लिहिलं. ती फाइल तिघांची होती, म्हणजे आपण लिहीत असताना दुसऱ्याचं नाव लावलेली एक रंगीत रेघ त्याच पानावर फिरताना दिसायची. पहिल्यांदा ऋचाची रेघ माझ्या ओळीत येऊन एक शब्द दुरुस्त करून गेली तेव्हा मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले होते. अडचणींसाठी ऋचानं चार ओळींची चौकट करून ठेवली होती. चार ओळींत बसवायचं म्हणून मी लिहिलं: 'कडूबाई नावाच्या सभासद दुधात पाणी घालतात. तपासनीस (माझी आई) हे माहीत असून आकडा चांगला लिहितात. असे प्रसंग संस्थेपुढील आव्हान आहेत.' 'आव्हान' हा शब्द लिहून मला बरं वाटलं होतं. खरी अडचण लिहिली होती. नातवाचं चार ओळींत बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओळींच्या बाजूला एक छोटी पिवळी पट्टी आली. अझहरनं लिहिलं होतं, 'नाव काढायचं का?' पट्टीच्या कोपऱ्यात बरोबरची खूण होती. मला वाटलं, वाचलं म्हणून ती खूण दाबायची. मी दाबली. पट्टी गेली. मला वाटलं, झालं, त्याचं समाधान झालं. खरं तर ती खूण म्हणजे प्रश्न निकाली काढणं. अझहरला वाटलं, मी विचार केला आणि नाव ठेवायचं ठरवलं. आम्ही रोज शेजारी शेजारी बसत होतो. दोघांपैकी एकानं तोंडानं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

आता तपासून घेणं राहिलं होतं. सोसायटीचे सचिव म्हणून गावातलेच एक काका काम बघायचे. त्यांना पहिलं पान दाखवावं असं मी ठरवलं, कारण त्यावर सोसायटीची स्थापना, सभासद, कामाच्या वेळा असं सगळं होतं. ऋचा म्हणाली, "लिंक पाठव ना, मी ओपन करून ठेवते. नाहीतर त्यांना उघडणार नाही." मी पहिलं पान समोर आणलं, लिंक घेतली आणि काकांना पाठवली. माझ्या डोळ्यांपुढं जे पान आहे तेच जाणार, फोटो काढल्यासारखं, अशी माझी समजूत होती. लिंक म्हणजे सगळ्या फाइलचा दरवाजा, हे मला माहीत नव्हतं. आणि ऋचानं तो ज्याच्या त्याच्यासाठी उघडून ठेवला होता, हेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत असताना आण्णांचा फोन आला. आण्णा कधी फोन करत नसत. फोन कायम आईच करायची आणि ते मागून बोलायचे. मी बाहेर आले.

"मने, तू काय लिवलंस?"

"काय आण्णा?"

"कडूचं. आन् तुह्या आईचं. तू काकांना धाडलेलं गावाच्या ग्रुपवर फिरायलंय. पोरं मोठ्यानं वाचायलेत पारावर."

आण्णा रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. त्यांचा आवाज नुसता गोंधळलेला होता, मला उलगडा करून मागत असल्यासारखा. "तुला हे लिवायला कुणी सांगितलं का? कॉलेजात लिवावं लागतं का असं?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

आई जवळ आहे का विचारलं. ते म्हणाले, "हाय. पर ती आता बोलत न्हाई."

मी पळत आत गेले आणि त्या ओळी पुसल्या. मग आख्खी चौकट पुसली. ऋचाची रेघ धावत आली, 'काय करतेस??' असं तिनं पानावरच लिहिलं. मी उठून जिन्यात जाऊन बसले. मागोमाग अझहर आला. त्याच्या हातात फोन होता, ऋचानं त्याला काहीतरी कळवलं असावं. मी त्याला सांगितलं, पुसलंय मी, आता काही होणार नाही ना? तो माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसला आणि म्हणाला, "पुसून काय व्हतंय. लोकांनी फोटो काढले असतेन पानाचे."

हे तो आमच्या बोलीत बोलला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मला जास्तच रडू आलं.

"कावून रडायली आता," तो म्हणाला. "मह्याच चुकीनं झालं. मी बघितलं व्हतं नाव. मला वाटलं, मी कशाला बोलू, तुह्या गावचं हाय, तुला जास्त कळतं."

खाली ऋचा येऊन उभी होती. आम्ही काय बोलतो ते तिला पुरतं समजत नव्हतं. ती दोनदा म्हणाली, "मी फक्त ओपन केली गं. मला माहीत नव्हतं आत काय आहे. मी तुझा पार्ट वाचलाच नव्हता." मग तिलाच आपल्या बोलण्याचा अर्थ कळला असावा. गटाचं काम म्हणून तिघांची नावं वर होती, आणि दुसऱ्याचं लिहिलेलं आमच्यापैकी कुणीही नीट वाचलं नव्हतं.

पुढचं मला आण्णांकडून कळलं. रविवारी सोसायटीची बैठक झाली. ज्यांची भांडी आईनं परत केली होती त्या बायका पुढं बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आमचं दूध माघारी दिलं, आन् कडूचं गोड लागलं का?" आणि तिचं खोटं नव्हतं. आईनं कारणं दिली नाहीत. "नळी मी बघितली, आकडा मी चुकीचा लिवला. कडूनं मला सांगितलं नव्हतं लिव म्हणून," एवढं बोलली. मग मापाचं भांडं, नळी आणि वही असं सगळं तिनं सचिवांच्या पुढं ठेवलं आणि खाली बायकांत जाऊन बसली. अकरा वर्षं ती ते काम करत होती. कडूबाईंचं नाव सभासदांत राहिलं, पण पेंड दोन महिने बंद झाली.

मी आईला फोन केला. तिनं घेतला. "जेवलीस का?" असं विचारलं. मी 'आई' म्हणून रडायला लागले तर म्हणाली, "परीक्षा कधी हाय? अभ्यास कर." आणखी काही बोलली नाही.

मॅडमकडे मी विषय सोडायची परवानगी मागायला गेले. विषय सोडता येत नसतो हेही मला माहीत नव्हतं. ऋचा आणि अझहर न सांगता माझ्यामागं आले होते. मी काय झालं ते सांगितलं, अझहरनं त्याचं सांगितलं, ऋचानं तिचं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लिंकचं आणि परवानग्यांचं मी चौथ्या आठवड्यात शिकवणार होते. सगळ्यांना येतं असं समजून गाळलं." त्यांचा चेहरा पडला होता. शिक्षकाचा चेहरा असा पडतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुणाचं नाव, गाव काहीही न घेता, तुमच्या हातून काय झालं तेवढंच मांडाल का? नको असेल तर दुसरा विषय देते."

मला नको होतं. ऋचा म्हणाली मांडू या. अझहर म्हणाला, मनीषा म्हणेल तसं. दोन दिवस मी काहीच ठरवू शकले नाही. शेवटी हो म्हणाले. ते शहाणपणानं म्हणाले की थकून, हे आज सांगता येत नाही. या वेळी आम्ही एकेक ओळ तिघांनी एकत्र बसून, मोठ्यानं वाचून लिहिली. पट्टी आली की आधी तोंडानं विचारायचो. मला अकरा नंबरच्या मशीनचंही विचारता आलं. ऋचा हसली नाही. तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं की फाइल कुठं राहते, लिंक काय करते, कोण काय बघू शकतं. तासाभरात कळण्यासारखं होतं सगळं.

वर्गापुढं आम्ही मांडलं. कुणी हसलं नाही. आम्हाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

ते गुण मी घरी सांगितले नाहीत. आजपर्यंत सांगितलेले नाहीत. ऋचानं आनंदानं मिठी मारली तेव्हा मी पण तिला मिठी मारली, आणि त्याच वेळी मला वाटलं की मी काहीतरी चोरून आणलं आहे. आईचं काम गेलं, कडूबाईंची पेंड गेली, आणि मला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण. हे तिन्ही एका ओळीत कसं लिहायचं?

परीक्षा संपल्यावर मी गावी गेले. आई माझ्याशी नीट वागली, जरा जास्तच नीट. पाहुण्याला विचारतात तसं मला विचारायची, चहा ठेवू का, पाणी तापवू का. दुसऱ्या दिवशी मी कडूबाईंकडे गेले. त्या अंगणात नातवाला न्हाऊ घालत होत्या. गोठ्याची जागा रिकामी होती. गाय त्यांनी भावाकडे पाठवली होती, त्याच्या गावाला थोडा चारा होता. मी उभीच राहिले. त्यांनी पोराचं अंग पुसलं, अंगडं घातलं, मग माझ्याकडे बघितलं.

"नाव कावून लिवलं, मने?"

मी म्हणाले, "मॅडमनी खरं लिहा म्हणून सांगितलं होतं."

"खरं? मग ह्याचं कावून न्हाई लिवलं?" त्यांनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला. "पाणी घातलं ते लिवलं. दूध कुठं गेलं ते न्हाई लिवलं. हे कसलं खरं?"

चार ओळींच्या चौकटीचं मी त्यांना सांगू शकले नाही. मी माफी मागितली. त्या 'बस' म्हणाल्या. पोराला माझ्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन गुळाचा खडा आणला, माझ्यासाठी की त्याच्यासाठी ते कळलं नाही. आम्ही दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. त्यांनी मला माफ केलं का? मी ते पुन्हा विचारलं नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मी पुण्यातच राहिले. कंपनीत काम करते, कर्वेनगरला दोन खोल्या आहेत, नवरा सोलापूरचा आहे. ऋचा परदेशात असते, अझहर हैदराबादला. आमचा तिघांचा एक ग्रुप आहे आणि त्यावर अझहर अजूनही मला फक्त आमच्या बोलीत लिहितो. माझ्या हाताखाली नवी मुलं येतात. त्यातलं एखादं गप्प बसलं की मी ताबडतोब त्याच्याजवळ जाऊन बसते, कधी कधी उगाचच, आणि ते बिचारं घाबरतं. दुष्काळ नंतरही आले. सोसायटी चालू आहे. आता तिथं मशीन आलं आहे, दूध ओतलं की आकडा आपोआप उमटतो आणि फोनवर जातो. आई म्हणते, बरं झालं, कुणाच्या हातात काही राहिलं नाही. हे ती आनंदानं म्हणते की दुःखानं, ते मला ओळखता येत नाही.

कडूबाई हे नाव मी बदललं आहे. खऱ्या कडूबाईंना मी गेल्या उन्हाळ्यात जाऊन विचारलं, हे सगळं लिहू का म्हणून. त्या आता फारशा उठत नाहीत. म्हणाल्या, "लिव काय लिवायचं ते. पर या टायमाला समदं लिव."

कॉलेजातल्या त्या प्रकरणानंतर आईचं फोनवरचं बोलणं बदललं ते बदललंच. रोज बोलते, अर्धा अर्धा तास बोलते. पाऊस, बाजार, कुणाचं लग्न, आण्णांचा खोकला. त्यात कुणाबद्दल काही नसतं. कुणी ऐकलं, कुणी वाचलं तरी चालेल असंच बोलते. मी तिला कितीदा सांगितलं की फोन कुणी ऐकत नाही. "बरं," म्हणते आणि पुन्हा पावसावर येते. किती वर्षं मला वाटत होतं की मी गाव सोडलं म्हणून घर लांब गेलं. तसं नसावं. नगरमार्गे गाडीनं पाच-सहा तास लागतात, ते काही लांब नाही.

मागच्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती माझ्याकडे आठ दिवस राहिली. एका सकाळी नवरा कामावर गेला होता. आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी, मी खाली फरशीवर मेथी निवडत होते. बोलता बोलता ती थांबली. मला म्हणाली, "तुहा फोन कुठाय?" मी म्हणाले, आत चार्जिंगला लावलाय. तिनं मान हलवली. मग हळूच, माझ्याकडे न बघता, तिनं मला एक गोष्ट सांगितली. तिची स्वतःची, लग्नाआधीची, आण्णांनाही माहीत नसलेली. सांगायला पाऊण तास लागला. मेथी तशीच राहिली. मी काही विचारलं नाही, मध्ये बोलले नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "चल, चहा ठेव," आणि मी ठेवला.

घर म्हणजे काय हे मला कुणी आज विचारलं तर मी तो पाऊण तास म्हणेन. तिनं काय सांगितलं ते मी कुठेही लिहिणार नाही.